वेगवेगळ्या नोकऱ्यांचा अनुभव आणि ऑफिस-सहाय्याचा व्यवसाय

प्रश्न थोडक्यात असा आहे: रिसेप्शन, दुकानाचं बिलिंग, दवाखान्यातली नोंदणी, प्रशिक्षण संस्थेचं कार्यालय अशा चार-पाच निरनिराळ्या नोकऱ्या झाल्या. आता छोट्या व्यावसायिकांची ऑफिसची कामं घरून करून द्यायची आहेत, पण कशातच धड मुरलो नाही असं वाटतं. अशा अनुभवावर व्यवसाय उभा राहतो का?

राहतो, आणि चांगला राहतो. छोट्या धंद्यात काम अडतं ते बहुतेक वेळा दोन टेबलांच्या मध्ये. ऑर्डर घेणाऱ्याने पत्ता अर्धवट लिहिला म्हणून बिल परत येतं. अपॉइंटमेंट पुढे गेली ते हिशेब बघणाऱ्याला कळलं नाही म्हणून आगाऊ घेतलेली रक्कम कशाची हेच लागत नाही. दोन्ही टेबलांवर काम केलेल्या माणसाला ही जागा लगेच दिसते, आणि तुमच्या अनुभवाची खरी किंमत तिथेच आहे. मात्र ग्राहकाला ‘मी सगळं करतो’ असं सांगू नका. सगळं करणाऱ्याला नेमकं काय सोपवायचं हे त्याला ठरवता येत नाही, आणि मग तो काहीच सोपवत नाही.

सुरुवात बायोडेटाने करू नका, कामांच्या यादीने करा. प्रत्येक नोकरीसाठी चार रकाने आखा: काय करत होतात, किती वेळा, कोणत्या साधनावर, आणि ते चुकलं तर काय व्हायचं. ‘रिसेप्शनिस्ट, तीन वर्षं’ यातून काहीच कळत नाही. ‘दोन डॉक्टरांच्या वेळा सांभाळणं, रद्द झालेली वेळ त्याच दिवशी प्रतीक्षायादीतून भरणं, न भरल्यास ती वेळ फुकट’ यातून काम कळतं आणि त्याची किंमतही कळते. चौथा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पुढे ग्राहकाशी बोलताना उपयोगी पडतो तोच. यादी झाली की त्यातून एकमेकांना जोडलेली तीनच कामं निवडा. तुमच्या बाबतीत वेळांचं नियोजन, बिलं काढणं आणि थकलेल्या रकमांचा पाठपुरावा ही साखळी सरळ दिसते. सोशल मीडिया, वेबसाइट, डिझाइन वगैरे येत असलं तरी सध्या बाजूला ठेवा.

दराच्या बाबतीत बहुतेक जण जुन्या पगाराला तासांनी भागतात आणि तोच दर लावतात. इथे मोठं नुकसान होतं. आठवड्याला ४० तास धरले तर नोकरीत वर्षाच्या ५२ आठवड्यांत २०८० तासांचा पगार मिळतो, सुट्ट्यांसकट. स्वतःच्या व्यवसायात सुट्टी, आजारपण, सणवार वजा जाता ४६ आठवडे धरा. दिवसाच्या आठ तासांपैकी बिल लावता येतील असे पाचच, कारण बाकीचे नवीन ग्राहक शोधणं, स्वतःचे हिशेब आणि फोन यात जातात. म्हणजे आठवड्याला २५ आणि वर्षाला ११५० तास. २०८० ला ११५० ने भागा, १.८ येतात. जुन्या पगाराइतकंच हातात यायला तासाचा दर जवळजवळ १.८ पट हवा, आणि त्यावर सॉफ्टवेअर, इंटरनेट, विमा, कर यांचा खर्च वेगळा.

सुटे तास विकण्यापेक्षा महिन्याला १० किंवा २० तासांचं पॅकेज ठेवा, पैसे महिन्याच्या सुरुवातीला. वेळ १५ मिनिटांच्या टप्प्यात मोजा आणि दर आठवड्याला नोंद पाठवा. महिनाअखेरीस एकदम पाठवलेल्या नोंदीवर वाद होतात. न वापरलेले तास फार तर पुढच्या एका महिन्यापर्यंत चालू ठेवा. मर्यादा घातली नाही तर ते साचतात आणि ग्राहक एखाद्या आठवड्यात सगळे एकदम मागतो, नेमके बाकीच्यांच्या कामाच्या गर्दीत.

आता ग्राहकाच्या मेल, बँक वगैरे खात्यांमधल्या प्रवेशाचा मुद्दा. ग्राहकाचा पासवर्ड मेसेजवर कधीही मागू नका, त्याने आपणहून दिला तरी वापरू नका. जीमेलमध्ये खातं दुसऱ्याला हाताळायला देण्याची सोय आहे. त्यातून तुम्हाला मेल वाचता, पाठवता आणि पुसता येतात, पण पासवर्ड बदलता येत नाही. कॅलेंडर वेगळं शेअर करायला सांगा. बाकीचे पासवर्ड बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमधून, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद ठेवून सुरक्षितपणे शेअर करणाऱ्या अ‍ॅपमधून, घ्या. लॉगिनचा कोड ग्राहकाच्या मोबाइलवर जात असेल तर तो प्रवासात असताना तुमचं काम ठप्प होतं, म्हणून प्रत्येक सेवेत तुमच्या नावाचं वेगळं खातं उघडून घ्या. बँकेत अधिकार फक्त पेमेंट तयार करण्यापुरता घ्या, मंजुरी ग्राहकाचीच असू द्या. यात त्याच्याइतकीच तुमचीही सुरक्षितता आहे.

बिलांच्या कामात एक फसवणूक नेहमी होते, ती ओळखायला शिका. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो: आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढचं पेमेंट नव्या खात्यावर करा. मेल कधी हुबेहूब पत्त्यावरून येतो, कधी पत्त्यात एक अक्षर बदललेलं असतं. मेल खरा वाटला तरी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. हा नियम ग्राहकाकडून पहिल्याच आठवड्यात लेखी मान्य करून घ्या, म्हणजे घाईच्या वेळी ‘राहू दे आता’ म्हणायला जागा उरत नाही.

डेटा एंट्रीतल्या चुकाही ठरलेल्या असतात. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की नंबराच्या सुरुवातीची शून्यं उडतात. एक्सेल एका संख्येत १५ अंकच नेमके ठेवतं, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. अशी फाइल सेव्ह केली की मूळ आकडे गेले. म्हणून फाइल आयात करताना तो रकाना ‘मजकूर’ म्हणून निवडा आणि मूळ प्रत हात न लावता वेगळी ठेवा. तारीख ०३/०४ अशी लिहिली तर तीन एप्रिल की चार मार्च हे कळत नाही. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, फाइलच्या नावातसुद्धा. यादी आपोआप तारखेनुसार लागते.

दुसऱ्या देशातला ग्राहक असेल तर वेळांकडे बारकाईने बघा. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोन्हीकडच्या वेळांतला फरक एका तासाने बदलतो. शरद ऋतूत घड्याळं परत मागे घेताना हाच घोळ साधारण एक आठवडा होतो. मीटिंग कॅलेंडरमध्ये टाकताना शहराच्या नावाचा टाइम झोन निवडा, तासांचा फरक मनाने मोजू नका.

करार एक-दोन पानांचा पुरतो, पण लेखी हवा. कोणती कामं येतात, कोणती येत नाहीत, मेलला किती तासांत उत्तर मिळेल, गोपनीयता, पैसे किती दिवसांत, आणि ३० दिवसांची पूर्वसूचना. ‘येत नाहीत’ची यादी लिहायला संकोच करू नका. ‘जरा एवढं बघा ना’ असं म्हणत आलेली छोटी कामंच पॅकेजचे तास खातात. अशा वेळी नाही म्हणायची गरज नाही. ‘याला अंदाजे दोन तास लागतील, या महिन्यातले वापरू का?’ एवढं विचारलं की पुरे.

पहिला ग्राहक बहुधा जुन्या ओळखीतूनच मिळतो: आधीचे वरिष्ठ, सहकारी, पुरवठादार. मात्र जुन्या नोकरीच्या करारातली गोपनीयतेची आणि ग्राहक न वळवण्याची कलमं आधी वाचा, आणि तिथली ग्राहकयादी सोबत आणू नका. सुरुवात दोन आठवड्यांच्या एकाच कामाने करा, पैसे घेऊनच. उदाहरणार्थ, थकलेल्या सगळ्या बिलांची यादी, प्रत्येकाला एक स्मरणपत्र, आणि कोण कधी देणार याचा तक्ता. यात ग्राहकाचे अडकलेले पैसे मोकळे होतात, त्यामुळे तुमची फी त्याला खुपत नाही. एका ग्राहकाकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न यायला लागलं तर दुसरा शोधायला तेव्हाच लागा.

प्रत्येक ग्राहकासाठी कामाची पद्धत लिहिलेली एक फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा: कोणतं काम कोणत्या दिवशी, कोणाला विचारायचं, कोणती गोष्ट न विचारता करायची नाही. काम थांबेल तेव्हा ती फाइल त्याला द्या, सगळे प्रवेश त्याच्याकडून बंद करून घ्या, आपल्याकडच्या प्रती पुसा आणि तसं मेलवर कळवा. कायद्याने ठेवाव्या लागणाऱ्या तुमच्या बिलांच्या नोंदी तेवढ्या मागे राहतील.