टेन्शन आलं की सिगारेट परत सुरू होते, हे रक्तातच असतं का?

तुम्ही लिहिलंय की वडील चटकन ताण घेणारे, तुम्हीही तसेच. तीनदा सिगारेट सोडली, पण काही बिनसलं की पाय टपरीकडे वळतात.

काही अंशी हो, हे आनुवंशिक असतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलंय की निकोटिनचं व्यसन जडण्यात जवळपास निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. ताण किती लागतो, त्यातही जनुकांचा हात आहे. मात्र ‘सिगारेटचं जनुक’ असं एकच काही नसतं.

खरी मेख पुढे आहे. रक्तातलं निकोटिन साधारण २ तासांत निम्मं होतं. मग चिडचिड, बेचैनी सुरू होते. झुरका मारला की ती निवते आणि मेंदूला वाटतं, टेन्शन गेलं. पण यातलं बरंचसं सिगारेटनेच आणलेलं असतं! ज्याची ताणयंत्रणा मुळातच हळवी, त्याला सोडल्यानंतरचे दिवस जास्त जड जातात.

माझ्या काकांनी तंबाखू सोडली, तरी जमिनीच्या केसची तारीख आली की अंगठा रिकाम्या तळव्यावर फिरायचा. चौथ्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना विचारून तारखेच्या आधीच निकोटिन च्युइंगम खिशात ठेवला. त्या वेळी निभावलं.

तुमच्या अशा ‘तारखा’ आधीच हेरून ठेवा. तीनदा परत सुरू झाली म्हणून स्वतःला कमजोर समजू नका. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे, आजच फोन करा.