बर्फ पडतो त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी जपा

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी जानेवारीत मॉन्ट्रियलला जाते आहे. वय 63, रोज तासभर चालते. सहा वर्षांच्या मोठ्या नातीला शाळेत सोडायचं-आणायचं आहे, दहा मिनिटांची वाट. पण मुलगी म्हणते, "आई, तू घराबाहेर पडूच नकोस, घसरशील." काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : काकू, जरूर बाहेर पडा. मी 1996 पासून इथे राहते. तीन-तीन महिने खिडकीशी बसून कंटाळलेल्या आया मी पाहिल्यात, फार वाईट वाटतं.

आपण मराठीत सगळ्यालाच बर्फ म्हणतो आणि तिथेच फसतो. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ पायाखाली करकरतो, त्यात बूट रुततो. तो सहसा पाडत नाही. दुपारी पारा शून्याच्या वर गेला की तोच वितळून फुटपाथभर पसरतो आणि रात्री त्याची काच होते. नेमकी शाळेच्या वेळी ती तशीच असते. थंडी शून्याखाली असताना फुटपाथ काळा, ओला, चकचकीत दिसला, तर ते पाणी नव्हे, बर्फच धरून चाला.

माझं मनगट दुसऱ्याच हिवाळ्यात मोडलं, तेही दारातल्या जिन्यावर. इथल्या जुन्या घरांना बाहेरून लोखंडी जिने असतात. हात कोटाच्या खिशात होते. पाय सटकला तेव्हा उजवा कसाबसा बाहेर काढला आणि सगळा भार त्याच्यावर आला. म्हणून हातमोजे घाला, हात मोकळे ठेवा आणि कठडा धरूनच उतरा.

चालायचं कसं, ते तुम्हाला येतंच. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणातून विहिरीकडे जाताना चालतो, तसंच. टाच आधी टेकवायची नाही. छोटी पावलं, पूर्ण तळवा, गुडघे किंचित सैल, भार पुढच्या पायावर.

बूट तिकडून आणू नका. कडक तळव्याचे बूट थंडीत आणखी कडक होतात. मऊ रबराचे इथेच घ्या आणि त्यावर चढवायचे काटे घ्या, इथे त्यांना क्रॅम्पॉन म्हणतात. शाळेच्या दारात किंवा मेट्रोत शिरताना मात्र ते आठवणीनं काढा. गुळगुळीत फरशीवर काटे बर्फापेक्षा जास्त घसरतात.

पायऱ्यांवर मीठ टाकतात, पण उणे दहा-पंधराच्या खाली ते फारसं चालत नाही. तेव्हा बारीक खडी टाकायची. जावयांना एक बादली दाराशी भरून ठेवायला सांगा.

फोनवर 'फ्रीझिंग रेन' दिसलं तर त्या दिवशी जाऊ नका, नातीला जावई सोडतील. हा पाऊस पडतो पाणी म्हणून आणि जिथे पडेल तिथे गोठतो. 1998 च्या जानेवारीत तो इथे पाच-सहा दिवस पडत राहिला. झाडं आणि विजेचे मनोरे वाकून मोडलेले मी पाहिलेत.

बाकी दिवशी नातीच्या मागोमाग चाला. इथली मुलं काच कुठे आहे ते आपल्याआधी ओळखतात; ती "आजी, ग्लास!" म्हणाली की थांबा.