पोझ देऊन काढलेला फोटो हद्दपारीबद्दल खरं काही सांगू शकतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की देश सोडावा लागलेल्या लेखकांचे फोटो हमखास ठरवून काढल्यासारखे वाटतात, समुद्र, वारा, दूर लागलेली नजर. मग त्यात खरं किती? माझ्या मते खरं असू शकतं, आणि पुष्कळ असू शकतं. मला हे एका फोटोमुळे पटलं. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोचा, इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्रातल्या जर्सी या ब्रिटिश सत्तेखालच्या बेटावरचा, 1853 सालचा.

2 डिसेंबर 1851 ला फ्रान्सचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष, पुढे सम्राट झालेला लुई नेपोलियन याने पॅरिसमध्ये सत्ता बळकावली. ह्यूगोने उघड विरोध केला आणि काही दिवसांतच खोट्या पासपोर्टवर, कामगाराच्या वेशात ब्रसेल्स गाठलं. पुढच्या ऑगस्टमध्ये तो जर्सीला आला. तिथून फ्रान्सचा किनारा जेमतेम वीसबावीस किलोमीटर. हवा स्वच्छ असली की दिसतो. दिसतो, पण जाता येत नाही.

किनाऱ्यावर फ्रान्समधून परागंदा झालेली माणसं जमायची तो एक खडक होता. त्याला हद्दपारांचा खडक म्हणत. फोटोत ह्यूगो त्या खडकांवर उंच बसलाय. काळे कपडे, दाढी नाही (ती पुढे बऱ्याच वर्षांनी आली). चौकटीचा मोठा भाग दगडांनीच भरलेला आणि माणूस लहानसा. चेहरा बघायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. स्वतःच्या मोठेपणाची पुरेपूर जाणीव असलेल्या या माणसाने आपली अशी लहान आकृती लोकांपुढे ठेवली, याचं मला अजून नवल वाटतं.

आता पोझबद्दल. मी एकदा ओलं कोलोडिअन या जुन्या फोटोपद्धतीची कार्यशाळा केली होती. जर्सीतले फोटो याच पद्धतीचे. काचेवर चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असेपर्यंत, म्हणजे काही मिनिटांतच, फोटो काढून धुवायचा. मला सहा सेकंद हलायचं नव्हतं. चौथ्या सेकंदाला डोळ्यांत पाणी आलं. त्या काळात नकळत टिपलेला चेहरा जवळपास अशक्यच होता, पोझ सगळ्यांनाच द्यावी लागे. म्हणून मी पोझ दिली का हे विचारत नाही, कसली दिली ते बघतो. ह्यूगोला पुस्तकं, टेबल, लेखणी घेऊन बसता आलं असतं. त्याने खडक निवडला.

शिवाय हे फोटो त्याच्या लढ्याचाच भाग होते. लुई नेपोलियनवर त्याने लिहिलेली पुस्तकं फ्रान्समध्ये बंदी असल्यामुळे चोरून न्यावी लागत. फोटोंच्या प्रती तो स्वतः सही करून मित्रांना द्यायचा. ज्याला देशाबाहेर काढलं, तो अजून तिथेच बसून आपल्याकडे बघतोय, हे फोटो पाहणाऱ्याला सांगायला शब्द लागत नव्हते. आणि तो नुसता आव नव्हता. 1855 मध्ये जर्सीतूनही बाहेर काढल्यावर तो शेजारच्या गर्न्झी बेटावर गेला, ‘ले मिझराब्ल’ या कादंबरीवर तिथे काम केलं, आणि 1859 मध्ये माफी जाहीर झाली तरी परतला नाही. स्वातंत्र्य परतेल तेव्हा मी परतेन, असं त्याने कळवलं. खडकावर काही सेकंद दिलेली पोझ त्याने जवळपास सतरा वर्षं निभावली. यालाही खोटं म्हणायचं का?

हल्ली मात्र हा फोटो बघताना मला कॅमेऱ्यामागच्या माणसाची जास्त आठवण येते. तो ह्यूगोचा मुलगा चार्ल्स, तेव्हा सव्वीस वर्षांचा. फाशीच्या शिक्षेविरुद्ध लेख लिहिला म्हणून 1851 मध्ये तुरुंगात गेलेला, सुटल्यावर वडिलांपाठोपाठ देश सोडलेला. फोटोग्राफी तो फ्रान्समधल्या कां (Caen) शहरात शिकून आला, आणि कुटुंबाचा मित्र ऑग्युस्त व्हाकरीबरोबर घरातच स्टुडिओ थाटला. म्हणजे हद्दपार बापाचा फोटो एका घर सुटलेल्या मुलाने काढला आहे. बाहेरचा फोटोग्राफर आला असता तर बहुधा चेहऱ्याजवळ गेला असता. चार्ल्स लांब उभा राहिला. खडक किती मोठा आहे हे त्याला रोज दिसत होतं.

लुई नेपोलियनचं साम्राज्य कोसळल्यावर 5 सप्टेंबर 1870 ला ह्यूगो पॅरिसला परतला, चार्ल्सही. पुढच्या मार्चमध्ये चार्ल्स बोर्दोला अचानक वारला, चव्वेचाळिसाव्या वर्षी. मायदेशात त्याला सहा महिने मिळाले.