वर्ग घेऊन कोर्टात जाताना: वाचकांचे प्रश्न

नववीच्या मुलांना जिल्हा न्यायालयात नेऊन सार्वजनिक नोंदी दाखवायच्या आहेत. थेट गेलं तर चालेल का? (एक शिक्षिका)

न्यायालय खुलं असतं. जागा असेल तर मागच्या बाकावर कुणीही बसावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये फौजदारी न्यायालयांसाठी हे लिहिलेलंच आहे, आणि न्यायाधीश कुणालाही बाहेर जायला सांगू शकतात हेही तिथेच आहे. पण अख्खा वर्ग एकदम दारात उभा राहिला तर शिपाई अडवणारच. म्हणून प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावे शाळेचं पत्र द्या, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला भेटा. कायद्याची साक्षरता वाढवणं हे त्यांचं कामच आहे. पत्रात ‘न्यायालय पाहणे’ एवढंच लिहू नका. नक्कल विभाग (जिथे कागदांच्या प्रती मिळतात) आणि अभिलेख कक्षही (जिथे जुन्या फाइली ठेवतात) मागा. नाहीतर मुलं काळे कोट बघून परत येतील.

तिथे नेमका कोणता कागद दाखवावा? (इतिहासाचे शिक्षक)

रोजनामा. निकालपत्र सगळेच दाखवतात, पण ते शेवटचं पान झालं. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला कोण हजर होतं, कुणी कोणता अर्ज दिला, मुदत का मागितली हे ओळीओळीने सापडतं. दावा वर्षानुवर्षं का चालतो, याचं उत्तर मुलं स्वतःच काढतील. सोबत निशाण्या दाखवायला सांगा: दाखल झालेल्या कागदावर क्रमांक पडतो आणि पुढे सगळे त्याच क्रमांकाने बोलतात. दिवाणी दाव्यात मनाई हुकुमाचा अर्ज बहुधा पाचव्या क्रमांकावर येतो, म्हणून वकील नुसतं ‘निशाणी पाच’ म्हणतात. निकाली निघालेलं, साधं दिवाणी प्रकरण निवडायची विनंती करा. कौटुंबिक वाद आणि बालकांशी संबंधित प्रकरणं नकोतच. पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखालचे खटले तर बंद दालनात चालतात.

माहिती अधिकारात अर्ज करून एखाद्या खटल्याचे कागद मिळतील का? (विधी शाखेची विद्यार्थिनी)

न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांत नकलेची सोय असेल तर त्याच वाटेने जावं लागतं. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. पक्षकाराला नक्कल सहज मिळते. त्रयस्थाला कारण लिहून द्यावं लागतं आणि त्यावर आदेश होतो. मला ही तरतूद थोडी जाचक वाटते, विशेषतः अभ्यासकांसाठी. पण दाव्याच्या कागदांत लोकांची दुखणी, कर्जं, भांडणं असतात, हेही विसरून चालत नाही. सुनावणी ऐकायला मोकळीक आहे, तेवढी कागद न्यायला नाही.

मुलाला ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर खटले शोधायचा गृहपाठ दिलाय. योग्य आहे का? (पालक)

गृहपाठ चांगला आहे, पण शोध कशाने घ्यायचा ते शिक्षकांनी ठरवून द्यावं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि आदेश दिसतात. पक्षकाराच्या नावानेही शोध घेता येतो, आणि गडबड तिथेच होते. मुलं पहिल्यांदा शेजाऱ्यांची नावं टाकतात! ते बेकायदा नाही, पण मुलांना त्यापासून लांब ठेवा.

याच भेटीत सातबारा आणि खरेदीखतही बघता येईल? (ग्रामीण शाळेचे मुख्याध्यापक)

नाही. सातबारा महसूल खात्याचा आणि खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे. मात्र ती भेट वेगळी काढाच, कारण तिथे नियम उलटा आहे: नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ नुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांची नोंद, म्हणजे पुस्तक क्रमांक १, फी भरून कुणालाही पाहता येते, कारण विचारलं जात नाही. मृत्युपत्राची नक्कल मात्र ते करणारा हयात असेपर्यंत इतरांना मिळत नाही.