रोबोसाठी आईची एससीएसएस मोडायची का?

प्रश्न: आई 68 वर्षांची आहे. दोन्ही गुडघे बदलायला सांगितलेत. नेहमीच्या पद्धतीने खर्च 4.6 लाख, रोबोटिकला 1.2 लाख जास्त. तिचा 5 लाखांचा आरोग्य विमा काढून 16 महिने झाले. दादा म्हणतो, तिचे एससीएसएसमधले (ज्येष्ठ नागरिक बचत योजना) 15 लाख काढू. माझी 4 लाखांची एफडी आहे.

उत्तर: एससीएसएसला हात लावू नका. त्यातून गरजेपुरते पैसे निघत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटून गेली असली तरी मुद्दलातला 1 टक्का, म्हणजे 15,000 जातात. शिवाय 8.2 टक्के दराने दर तिमाहीला येणारे 30,750 रुपये थांबतील. तो आईचा पगार आहे हो!

पॉलिसीत 'सांधेबदल' कुठे लिहिलंय ते बघा. बहुतेक कंपन्या त्यासाठी विमा काढल्यापासून 24 महिने थांबायला लावतात. म्हणजे तुमचे 8 राहिले. ऑपरेशन तितके महिने लांबवलं तर चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पाय वाकडा होत चालला असेल तर थांबू नका, एफडी वापरा, वरचे 60,000 वेगळे उभे करा.

एक खोच मात्र आहे. फाइलमध्ये पॉलिसीच्या आधीचा, 'संधिवात' असा शेरा असलेला एक्स-रे आहे का? असेल, आणि फॉर्मवर 'आजार नाही' लिहिलं असेल, तर दावा अडकतो. एजंटने घाईत भरलेले असे फॉर्म मी कितीतरी पाहिलेत. आजच कंपनीला लेखी कळवा. मग 'आधीपासूनचा आजार' धरून प्रतीक्षा 36 महिन्यांपर्यंत जाऊ शकते, आणि तेव्हा 8 महिन्यांचा हिशेबच उरत नाही.

आता रोबो. तो स्वतः ऑपरेशन करत नाही. हाड कुठे, किती आणि कोणत्या कोनात कापायचं याची आखणी नेमकी होते, हात डॉक्टरांचाच. नेम सुधारतो हे खरं, पण सांधा जास्त वर्षं टिकतो हे दाखवण्याइतका काळ अजून लोटलेला नाही. विमा कंपनीला रोबोटिक सरसकट नाकारता येत नाही, उपमर्यादा, म्हणजे त्या उपचारासाठी ठरावीक रकमेपर्यंतच पैसे देण्याची अट, मात्र लावता येते. तुमच्या जागी मी असतो तर ते 1.2 लाख फिजिओथेरपी, वॉकर आणि कमोडसाठी ठेवले असते.

अंदाजपत्रकात इम्प्लांटची, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याची, ओळ वेगळी मागून घ्या. 2017 मध्ये सरकारने कमाल किमती बांधल्या, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूच्या गुडघ्याला ही मर्यादा 54,720 अधिक जीएसटी होती. आजची मर्यादा विचारून ताडून बघा.