काळं पडलेलं कार्पेट आणि आत उरलेला साबण

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये हॉल, ऑफिस आणि लॉजमधल्या कार्पेटबद्दलची पत्रं सर्वांत जास्त होती. पुण्यात माझा हाच व्यवसाय आहे आणि यातले बहुतेक प्रश्न माझी टीम रोज हाताळते. म्हणून या वेळची सगळी जागा या एकाच विषयाला दिली आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. नाशिकला आमचा लग्नाचा एसी हॉल आहे, मी तिथला व्यवस्थापक. भिंतीपासून भिंतीपर्यंत मरून कार्पेट आहे. स्टेजकडे जाणारी मधली वाट आणि जेवणाच्या दाराजवळचा भाग काळा, चिकट झालाय. हळदीचे, तेलाचे डाग आहेत. सीझनच्या आधी एका कंत्राटदाराकडून शाम्पू करून घेतला. तेव्हा छान दिसलं, पण काही आठवड्यांत आधीपेक्षाही काळं पडलं. मालक म्हणतात, आता फेकूनच देऊ. तुमचं मत काय?

उत्तर : फेकायची घाई करू नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला दाट शंका आहे, की कार्पेटमध्ये मळाइतकाच जुना शाम्पूही अडकलेला आहे. डोक्याला शाम्पू चोळून तो न धुता टॉवेलने पुसला तर केसांचं जे होईल, तेच तुमच्या कार्पेटचं झालंय. फिरत्या ब्रशच्या मशीनने फेस केला, वरवर पुसला, पण पाण्याने ओढून बाहेर काढला नाही. तो साबण लवेवर, म्हणजे कार्पेटच्या वर आलेल्या धाग्यांवर, चिकट थर होऊन राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक चपलेची धूळ धरून ठेवतो.

खात्री करून घ्यायची असेल तर एक सोपी चाचणी सांगते. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे गरम पाणी मारून लगेच परत ओढणारं मशीन, कोणाकडून तरी आणा. त्यात कोणतंही केमिकल टाकू नका, नुसतं गरम पाणी भरा. मधल्या वाटेवर सतरंजीएवढ्या जागेत फिरवा आणि घाण पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून बघा. साबणाचा थेंबही न टाकता टाकीत फेस आला, तर तो त्या कंत्राटदाराचा शाम्पू. आमच्या टीममधल्या एक मावशी तर मशीन येण्याआधीच सांगतात. त्या कोरडा तळहात लवेच्या उलट दिशेने सावकाश फिरवतात आणि हात किंचित अडखळला, की म्हणतात, ‘यात माल आहे.’ त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

दुसरी गोष्ट, धागा कोणता ते ओळखा. दाराच्या पट्टीखालून किंवा स्टेजच्या कडेचे चार-पाच धागे कापून घ्या. एक धागा चिमट्यात धरून, कार्पेटपासून लांब, पेटत्या काडीजवळ न्या. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली गेली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. मग उरलेले धागे पाण्याच्या ग्लासात टाका आणि बोटाने दाबून बुडवा. पुन्हा वर तरंगले तर पॉलिप्रोपिलीन, तळाशी बसले तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. हॉलमध्ये बहुधा यातलंच काहीतरी असतं. पॉलिप्रोपिलीनला हळद, चहा फारसे धरत नाहीत कारण तो धागा पाणी आणि पाण्यातला रंग जवळजवळ शोषत नाही (म्हणूनच त्याचा स्वतःचा रंगही धागा बनतानाच आत मिसळावा लागतो), पण तेल मात्र ते सोडता सोडत नाही. जेवणाच्या दाराजवळचा काळेपणा तिथून आला असण्याची शक्यता आहे.

आता कामाचा क्रम. पहिला संपूर्ण टप्पा कोरडा. कार्पेटमधली बहुतेक घाण ही कोरडी माती आणि वाळू असते, आणि लग्नाच्या हॉलमध्ये त्यात अक्षता, रांगोळी आणि गुलाल यांची भर. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती प्रत्येक पावलागणिक धाग्याला घासते. गुलालावर पाणी पडलं की त्याचा रंग पसरतो आणि नायलॉनमध्ये मुरतो. म्हणून खाली फिरता ब्रश असलेला उभा व्हॅक्यूम घ्या, नुसत्या पाइपचा नको. अगदी सावकाश, आधी उभा मग आडवा फिरवा. मधल्या वाटेवर पिशवीत माती येणं थांबेपर्यंत फिरवत राहा. सुकलेलं अन्न आधी बोथट पट्टीने खरवडून घ्या. माझ्या टीममधल्या मुलांना मी या टप्प्यात घाई करू देत नाही, कारण इथे राहिलेली माती पुढे चिखल होते.

त्यानंतर प्रीस्प्रे, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर लावण्याआधी मळ सैल करायला फवारायचं द्रावण. कृत्रिम धाग्यावर, तेलकट मळासाठी, पीएच 10 च्या आसपासचं अल्कलीयुक्त द्रावण चालतं (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली). लेबलवर जेवढं प्रमाण दिलंय तेवढंच घ्या. फवारल्यावर 10 ते 15 मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही. मधल्या वेळात ब्रशच्या मशीनने लव दोन्ही बाजूंनी चोळायची.

थांबण्यावर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1959 मध्ये सफाईचे चार वाटेकरी मांडले : केमिकल, उष्णता, घासणं आणि वेळ. एकाचा वाटा कमी केला तर बाकीच्यांचा वाढवावा लागतो. एका रात्रीत हॉल उरकायचा म्हणून कंत्राटदार वेळ कापतो आणि त्याची भरपाई जास्त साबणाने करतो. तो साबण मग तुमच्या कार्पेटात राहतो. हॉल रिकामा असेल असे सलग दोन दिवस मागून घ्या, एक रात्र पुरत नाही.

मग एक्स्ट्रॅक्शन. पाणी 60 ते 70 अंशांचं. पाणी मारत एकदा मागे ओढा, मग पाणी बंद करून त्याच पट्ट्यावर दोनदा नुसतं ओढा. मशीनच्या तोंडाशी पारदर्शक खिडकी असते, तिच्यातून जाणारं पाणी बघत राहा. सुरुवातीला ते डांबरासारखं दिसेल, मग चहासारखं, मग गढूळ. गढूळाच्या पुढे जाईपर्यंत थांबू नका. टाकीत फेस भरला तर फेस मारणारं औषध घाण पाण्याच्या टाकीत टाका, नाहीतर फेस मोटरमध्ये जातो. शेवटचा हात किंचित आम्लधर्मी रिन्सचा, म्हणजे खळखळून काढायच्या द्रावणाचा. त्याने उरलेली अल्कली शमते आणि लव हाताला मऊ लागते.

हळदीचं वेगळं सांगते. पांढऱ्या सदऱ्यावरच्या हळदीला साबण लावला की ती लाल होते, हे आपल्या सगळ्यांच्या घरात घडलेलं आहे. कार्पेटवर अल्कलीचा प्रीस्प्रे पडला की तसंच होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं रंग गेला. घाबरू नका. आम्लधर्मी रिन्स मिळाला की डाग पुन्हा पिवळा होतो. हळदीचा पिवळेपणा उन्हात उडतो, पण हॉलमध्ये ऊन कुठून आणणार? तेव्हा आधी तेल काढा, मग पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड, तेही आधी स्टेजखालच्या कोपऱ्यात लावून बघून. नायलॉनचा मूळ रंग त्याने उतरू शकतो. क्लोरीन ब्लीच कोणत्याही परिस्थितीत नको.

आता एक कटू गोष्ट. एवढं करूनही मधली वाट थोडी करडी दिसेल. तो मळ नसेल. वाळूने धाग्यावर इतके ओरखडे पडलेले असतात की उजेड पूर्वीसारखा परावर्तित होत नाही. स्टेजखालचा धागा आणि वाटेवरचा धागा शेजारी ठेवून मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून बघा, फरक लगेच कळेल. जो कंत्राटदार हे आधी सांगतो, त्याला काम द्या. मालकांना म्हणावं, बदलायचंच असेल तर फक्त वाटेचा पट्टा बदला, आणि दाराशी चांगली लांब पायपुसणी टाका. आत शिरणाऱ्याची दोन्ही पावलं त्यावर दोन-तीनदा तरी पडली पाहिजेत.

प्रश्न : ठाण्यातल्या एका सहकारी पतसंस्थेत मी प्रशासन बघते. ऑफिसात चौकोनी कार्पेट टाइल्स आहेत. चहाचे डाग पुसले की जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत दिसतात. शिवाय भिंतीलगत आणि केबिनच्या दारांखाली काळ्या रेघा आल्यात. सफाईवाल्या काकांना सगळे बोलतात, मला वाईट वाटतं.

उत्तर : काकांचा यात काहीही दोष नाही, हे आधी सगळ्यांना सांगा.

सांडलेला चहा लवेच्या तळाशी आणि टाइलच्या पाठीपर्यंत जातो. आपण वरून पुसतो, वरचं टोक स्वच्छ होतं. मग कार्पेट वाळताना ओल खालून वर चढते, बाष्प होऊन उडते, आणि साखर, दूध, चहाचा रंग टोकावर सोडून जाते. जितकं जास्त पाणी ओताल तितका डाग मोठा परत येईल. म्हणून थोड्याच द्रावणाने ओला करा, टिपून घ्या, घासू नका. चहासाठी किंचित आम्लधर्मी डागनाशक बरं. मग पांढऱ्या सुती टॉवेलची जाड घडी त्यावर ठेवून, वर पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या ठेवा आणि रात्रभर राहू द्या. वर येणारा रंग टॉवेल पिऊन घेतो. सकाळी घडी उलटून बघितलीत की तपकिरी गोल दिसेल.

टाइल्सचा फायदाही घ्या. त्या बहुतेक 50 बाय 50 सेंटिमीटरच्या असतात आणि सुट्या निघतात. अगदी वाया गेलेली टाइल काढून कपाटाखालची चांगली टाइल तिच्या जागी बसवा. बसवताना पाठीवरचा बाण बाकीच्यांच्या दिशेने ठेवा, नाहीतर रंग वेगळा दिसतो.

काळ्या रेघा म्हणजे गाळलेली धूळ. एसीच्या दाबाने हवा भिंतीच्या फटीतून आणि दाराखालून ये-जा करते आणि कार्पेट तिथे फिल्टरचं काम करतं. ही काजळी फार बारीक असते, पूर्ण निघेल असं वचन मी देत नाही. फट सिलिकॉनने बंद करा आणि एसीचे फिल्टर वेळेवर धुवा, म्हणजे नव्याने येणार नाही.

आणि ओलं काम सुरू होण्याआधी जमिनीतल्या प्लग-बॉक्सची वीज बंद करून झाकणं टेपने चिकटवून घ्या. रात्री काम करणाऱ्या मुलांना कोणता बॉक्स कुठे आहे हे माहीत नसतं. नकाशा काढून त्यांच्या हातात द्या.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचं लॉज आहे. रिसेप्शनमध्ये भदोहीहून आणलेला लोकरीचा मोठा गालिचा आहे. पावसात त्याला कुबट वास येतोय. मुलगा म्हणतो ब्लीच टाकून धुऊ.

उत्तर : मुलाला थांबवा, आजच. क्लोरीन ब्लीच लोकर खातं. खरं वाटत नसेल तर लोकरीचा एक धागा वाटीभर ब्लीचमध्ये टाकून सकाळी बघा, धागा सापडणार नाही. ब्लीच व्हिनेगर किंवा टॉयलेटच्या ॲसिडमध्येही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

गालिचा उलटून पाठ बघा. गाठी स्पष्ट दिसल्या तर हाताने विणलेला. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे टोचून केलेला, आणि आत धागे धरून ठेवणारा लॅटेक्स (रबरासारखा गोंद) असतो. अशा गालिच्याला भिजवायचं नाही, लॅटेक्स सुटतो. जमिनीवर पांढरट चुरा पडत असेल तर लॅटेक्सचं आयुष्य संपत आलंय, आणि मग धुऊन वास जाणार नाही.

सध्या एवढंच करा : गालिचा जमिनीवरून उचला, दोन टेबलांवर आडवा पसरा, खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर आणि दोन्ही बाजूंनी पंखे लावा. जुलैत कोकणात खिडकी उघडून काही वाळत नाही, उलट बाहेरची ओल आत येते. धुवायचाच असेल तर गालिचे धुणाऱ्या कारखान्यात पाठवा. तिथे साबण लोकरीचा, म्हणजे पीएच 8 च्या वर न जाणारा, आहे ना हे विचारून घ्या.

प्रश्न : पिंपरीत एका हाउसकीपिंग कंत्राटात काम करतो. कार्पेट धुण्याचा स्वतःचा धंदा सुरू करायचाय. पहिलं मशीन कोणतं घेऊ?

उत्तर : भाऊ, पहिला पैसा फिरत्या ब्रशच्या चांगल्या व्हॅक्यूममध्ये घाल. एक्स्ट्रॅक्टर सुरुवातीला भाड्याने आण. त्याच्यासोबत दोन मोठे ब्लोअर हवेतच, कारण कार्पेट 24 तासांच्या आत वाळलं नाही तर बुरशीचा वास येतो आणि तक्रार तुझ्या नावावर येते. मशीन लावायच्या आधी सर्किटवर ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते बघ, नसेल तर काम घेऊ नकोस. हातमोजे, चष्मा आणि गुडघ्यांचे पॅड स्वतःसाठी आणि सोबतच्या प्रत्येकासाठी.

भाव फोनवर सांगू नकोस. जागेवर जा, दिवसाउजेडी फोटो काढ, एका कोपऱ्यात छोटा तुकडा धुऊन दाखव आणि काय निघणार नाही ते कागदावर लिहून मालकाची सही घे. बोअरचं पाणी जड असेल तर साबण कमी काम करतो, तेव्हा कोटेशन देण्याआधी पाणी कुठून मिळणार हेही विचार. आणि घाण पाणी कुठे ओतायचं ते काम सुरू होण्याआधी ठरव. ते सांडपाण्याच्या ड्रेनेजमध्येच गेलं पाहिजे, पावसाच्या गटारात नाही.