एकाच कारखान्यात ऑसिलेटर आणि अल्ट्रासॉनिक ट्रान्सड्यूसर का बनतात?

एकच उत्पादक अचूक क्वार्ट्झ ऑसिलेटर (स्फटिकाच्या कंपनातून ठरावीक वारंवारतेचा विद्युत संकेत देणारे सर्किट) आणि अल्ट्रासॉनिक ट्रान्सड्यूसर (विजेचे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींत रूपांतर करणारे साधन) अशी दोन्ही उत्पादने विकत असेल, तर त्याला धड एकही जमत नसावे, अशी शंका आपण मांडली आहे. शंका रास्त असली, तरी ही जोडी जुनीच आहे. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाबविद्युत परिणाम शोधला: काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते. उलट, वीज दिली की ते कंप पावतात, आणि दोन्ही वस्तू याच गुणावर चालतात. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी पोलादी पट्ट्यांमध्ये क्वार्ट्झ बसवून पाण्यात ध्वनिलहरी सोडल्या, आणि पाणबुडीशोधाच्याच कामातून या विषयाकडे वळलेल्या वॉल्टर कॅडी यांनी १९२१ मध्ये क्वार्ट्झचा ऑसिलेटर तयार केला.

मात्र या दोन वस्तूंकडून असणारी अपेक्षा अगदी उलट आहे. ऑसिलेटरमधल्या स्फटिकाने कंपनाची ऊर्जा जपायची असते, तर ट्रान्सड्यूसरने ती बाहेर टाकायची असते. ऑसिलेटरमधली दहा मेगाहर्ट्झची एटी-कट (क्वार्ट्झ ठरावीक कोनात कापून केलेली) चकती जेमतेम ०.१७ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर सोन्याचा किंवा चांदीचा अतिशय पातळ थर चढवत नेला की वजन वाढून वारंवारता खाली येते, आणि हवा तो आकडा दिसताच थर चढवणे थांबवतात. एवढ्याशा वजनाने फरक पडत असल्यामुळेच सीलबंद डबीत राहिलेला ओलावाही पुढे वारंवारता सरकवतो. स्वस्त आणि चांगल्या मालातला खरा फरक बहुधा या सफाईत असतो, असे माझे मत आहे.

ट्रान्सड्यूसरसाठी बहुतेक वेळा पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटनेट) ही दाबविद्युत सिरॅमिक वापरतात. आखूड स्पंद हवा असेल तर तिच्या मागे टंगस्टनची पूड मिसळलेल्या इपॉक्सीचा थर चिकटवून कंपन मुद्दाम दाबले जाते, म्हणजे ऑसिलेटरवाला ज्याला दोष म्हणेल तेच इथे हवे असते. तेव्हा घासणे, इलेक्ट्रोड चढवणे आणि मोजमाप ही कामे सामाईक असली, तरी पुढची जुळणी वेगळ्या विभागात होते का, हे उत्पादकाला जरूर विचारावे.

आपण आपल्या घड्याळाच्या सर्किटविषयीही विचारले आहे; त्यातल्या ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकाची वारंवारता साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते आणि त्यापासून २० अंश दूर गेल्यास, तापमान चढो वा उतरो, सुमारे १४ पीपीएमने (दहा लाखांत १४ भागांनी) घटते. म्हणजे घड्याळ दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडते. हे चालत नसेल तर तापमान-भरपाई असलेला ऑसिलेटर घ्यावा. चालत असेल, तर आधी कपॅसिटर तपासावेत: डेटाशीटवर लोड (स्फटिकाला जोडून असायला हवी ती एकूण धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता) १२.५ पिकोफॅरड लिहिला आहे म्हणून दोन्ही बाजूंना तेवढ्याच किमतीचे कपॅसिटर लावले जातात, पण ते एकसरीत येत असल्याने निम्मेच मोजले जातात. बोर्डाची स्वतःची धारिता ३ पिकोफॅरड धरली, तर प्रत्येकी १८ ते २० पिकोफॅरड लागतील.